पंचायत राज उतरेना

एप्रिल महिना होता. आमटीला फोडणी देत होते तेवढ्यात फोन वाजला, आणि कसलेही नमस्कार-चमत्कार न करता पलीकडून एक मुलगी म्हणाली, "बाई, पंचायत राज उतरत नाय ओ."

मी गॅस बंद केला.

ही मुलगी आपल्या रत्नागिरीजवळच्या पूर्णगडची. तिला दिसत नसे. वडील आखातात बोटीवर, आई आणि धाकटी भावंडं गावी, आणि ही मुंबईत अंध मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते. राज्यशास्त्राचा एक पेपर मागच्या वर्षी राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी होता. वसतिगृहातली खाट तिला त्या पेपरापुरतीच वाढवून मिळाली होती. पेपर सुटला तर बी.एड., नाही सुटला तर बोजाबिस्तरा बांधून पूर्णगड. हे तिने कधी रडून सांगितलं नाही. एकदा बोलता बोलता एवढंच म्हणाली होती, "घरी गेले की सगळी माणसं नुसती माया करतात ओ बाई. मग अभ्यास कसला होतोय?"

पंचायत राज म्हणजे तिच्या पुस्तकातली शेवटची तीन प्रकरणं. ती माझ्या आवाजात होती.

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल, निवृत्त झाल्यावर मी आणि शाळेतल्या आणखी काही जणी मिळून अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होतो. आधी कॅसेटी होत्या, मग सीड्या आल्या, आणि मग कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही एक संकेतस्थळ केलं. ते अशा जातीचं होतं की आपण फक्त मजकूर भरायचा, फाइल चढवायची, पानाची मांडणी ते सॉफ्टवेअरच करतं. त्याला सीएमएस म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जागा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीच्या सर्व्हरवर घेतली होती. वाचायचं काम माझ्याकडे, चढवायचं तुमच्या आजोबांकडे. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलंही काम नकाशा काढल्यासारखं करायचे. आणि वाचायची जागा म्हणजे आपली आंब्याच्या आढीची खोली. पेंढा आवाज पिऊन टाकतो, घुमू देत नाही. फक्त मिरकरवाड्याहून येणाऱ्या मासळीवालीची हाक तेवढी पेंढ्यालाही पिता यायची नाही. जिल्हा परिषदेच्या अधिकारांत एका ठिकाणी "बांगडंऽऽ ताजं" असं अगदी स्पष्ट ऐकू येतं. ते मी काढू दिलं नाही, कारण ते काढलं की वाक्याचं क्रियापदही जात होतं.

असो. मुलीला मी विचारलं, "उतरत नाही म्हणजे काय होतं? कॉम्प्युटर काय म्हणतो?" तिच्या संगणकात पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं.

"म्हणतो, इंटर्नल सर्व्हर एरर. पाचशे. बाकीची पानं उघडतात. फाइलवर गेले की पाचशे. मी सकाळपासून दाबतेय. आता तो पाचशे म्हणायच्या आधी मीच म्हणते."

"आधी का नाही उतरवून घेतल्यास?" माझ्यातली मास्तरीण कुठे जाते!

"बाई, इथे कॉम्प्युटर एक नि पोरी किती. माझी पाळी आजची. रविवारी बघून ठेवलं होतं, तेव्हा चांगलं चालत होतं ओ."

तिचं छापील पुस्तक माझ्याकडे. वसतिगृहात ते वाचून दाखवणारं डोळस माणूस त्या दिवशी कोणी नव्हतं. सीडी करून रातराणी एस.टी.ने पाठवली तर ती मुंबईत पोचायची तेव्हा ही परीक्षेच्या बाकावर बसलेली असणार. फाइली एवढ्या मोठ्या की ईमेलच्या गळ्याखाली उतरेनात. म्हणजे सर्व्हर दुरुस्त होणं हाच एक रस्ता. "संध्याकाळपर्यंत करते," असं मी तिला सांगून टाकलं. आत काय मोडलंय याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

तुमचे आजोबा ओटीवर पेपर वाचत होते.

"अहो, रविवारपासून संकेतस्थळावर काय बदललं?"

"काही नाही."

"नीट आठवा."

"काही नाही म्हणजे, त्या दोन ओळी घातल्या. त्यांनीच सांगितलेल्या."

त्या ओळींचं असं होतं. काही जणांची तक्रार होती की फाइल उतरण्याऐवजी तिथल्या तिथे वाजायला लागते, साठवून ठेवता येत नाही. पुण्याच्या कंपनीने त्यावर उपाय कळवला होता: अमुक नावाची एक लहान फाइल करा, तिच्यात या दोन ओळी लिहा आणि ध्वनिमुद्रणांच्या खणात ठेवून द्या. त्या फाइलचं नाव एका टिंबाने सुरू होत होतं. टिंबाने सुरू होणारं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते आणि तेव्हाच मला ते अशुभ वाटलं होतं.

मी पुण्याला फोन लावला. बऱ्याच वेळाने एका तरुण मुलाने उचलला. त्याला मी पहिल्यापासून क्रमाने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं असावं.

"मॅम, आमच्या साइडने सगळं ओके दिसतंय. तुम्ही एकदा कॅश क्लिअर करा."

मी ते शब्द मोठ्याने उच्चारले मात्र, तुमचे आजोबा ओटीवरून ओरडले, "कॅश आपण मार्चमध्येच क्लिअर केली आहे! पावती आहे माझ्याकडे!"

"ती कॅश नाही हो!"

"मग दुसरी कुठली?"

पुण्याचा मुलगा म्हणाला, "मॅम, त्या दोन ओळी बरोबर आहेत, सगळ्यांना त्याच देतो. त्यांनी एरर येणार नाही. एरर लॉग बघा." आणि लॉग कुठे बघायचा ते सांगून त्याने फोन ठेवला.

मला वाटलं, त्या ओळी काढूनच टाकाव्यात. पण मागे एकदा न समजता आम्ही काहीतरी पुसलं होतं आणि अख्खं संकेतस्थळ कितीतरी दिवस गायब झालं होतं. तुमच्या आजोबांनी ते मनाला लावून घेतलं होतं. "जे त्यांनी घालायला सांगितलंय ते काढायचं नाही," ते म्हणाले. "दुसरीकडे शोध."

मी दुसरीकडे शोधलं. फाइलींची नावं तपासली. मधे रिकाम्या जागा होत्या, त्या भरल्या. मग वाटलं, नावं बदलल्यामुळे आणखी बिघडेल, म्हणून पुन्हा होती तशी केली. दर थोड्या वेळाने फाइलवर टिचकी मारून बघायची, पाचशे बघायचे, उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, तिथे काय करायला आलो ते विसरून परत यायचं. आमटी तशीच बिनफोडणीची राहिली होती. फोन वाजला की धावत जायचं. दोनदा तो वाजला, दोन्ही वेळा शेजारच्या भाभी होत्या, त्यांना पाटा हवा होता. दुसऱ्यांदा मी त्यांच्यावर खेकसले. नंतर पाटा स्वतः नेऊन दिला.

लॉग सापडला. इंग्रजी होतं, त्यामुळे मला जरा धीर आला. पानभर एकच वाक्य पुन्हा पुन्हा: अमुक आज्ञा अवैध आहे, कदाचित स्पेलिंग चुकलं असावं.

स्पेलिंग! माझी सारी नोकरी मुलींची इंग्रजी स्पेलिंगं सुधारण्यात गेली, आणि हे यंत्र मला सांगत होतं की तुझ्या घरात स्पेलिंग चुकलंय. आज्ञा कुठली, तर अवतरणचिन्हांत नुसती दोन अक्षरं. दोन एल. मी चष्मा पुसून पाहिलं. एल, एल. शब्द नाही, काही नाही.

"अहो, दोन एल कुठे येतात तुमच्या ओळींत?"

"एकही नाही."

"तुम्ही तपासून बघा."

"मी त्यांनी सांगितलेल्या दोनच ओळी लिहिल्या आहेत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. छापून फाइलला लावलंय."

ते खरंच लावलेलं होतं. मग आम्ही मुद्रितशोधनाला बसतात तसे बसलो. कंपनीचं पत्र माझ्या हातात, आजोबांची छापील प्रत त्यांच्या हातात. त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, मी पत्रात पेन्सिलीने खूण करायची. त्यांनी वाचलं. टिंबं वाचली, रिकाम्या जागासुद्धा वाचल्या. सगळं जुळलं. पुन्हा वाचलं, पुन्हा जुळलं.

"बघ," ते म्हणाले. "आता माझी माफी मागायला हरकत नाही."

"सर्व्हर मागेल," मी म्हटलं.

मग मी सगळ्या संकेतस्थळावर दोन एल असलेले शब्द शोधायला लागले. मी लिहिलेल्या इंग्रजी पानावर ते पुष्कळ होते आणि सगळे बरोबर होते. शिकवताना मुली चुकीचं उत्तर देत, पण निदान चूक कुठे आहे ते दिसे. इथे चूक आहे एवढं ठाऊक, आणि ती आहे त्या जागी सगळं बरोबर.

दुपारी भारनियमनामुळे वीज गेली. ती जाणार हे मला माहीत होतं, तरी पडदा काळा झाला तेव्हा मी "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. पंखा थांबला. घरात एकदम आढीचा वास दाटला.

मी मुंबईला फोन लावला. वसतिगृहाच्या फोनवर तिला बोलावून आणायला कोणीतरी गेलं. मी नुसती वायर बोटाला गुंडाळत उभी.

"झालं, बाई?"

"नाही गं. वीज गेली. पण माझ्याकडे पुस्तक आहे. मी वाचते, तू ऐक."

"फोनवर?"

"मग काय झालं?"

तिने स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वाचा."

मी वाचायला लागले. ग्रामसभा, तिची रचना, तिच्या बैठका. फोन कानाशी एका खांद्याने धरलेला, पुस्तक खिडकीच्या उजेडात. आढीच्या खोलीत मी सावकाश, अर्थ उलगडून वाचत असे. इथेही तसंच वाचायचा प्रयत्न करत होते. पलीकडे कोणीतरी भांडी आपटत होतं. मधेच ती म्हणायची, "पुन्हा वाचा, इथे कुकरची शिट्टी झाली." एकदा फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तिला शोधून आणलं. पानं सरत नव्हती. सरपंचाच्या निवडीपर्यंत पोचलो तेव्हा मला कळून चुकलं होतं की या गतीने तीन प्रकरणं होणार नाहीत. तिलाही कळलं असणार.

वीज आली तेव्हा तिने पंख्याचा आवाज ऐकला असावा. म्हणाली, "बाई, ती टिंबवाली फाइल केवढी आहे?"

"चिमुकली आहे. दोन ओळी."

"मग ती मला ईमेल करा की. मी ऐकते तिच्यात काय आहे ते."

"अगं, आम्ही दोनदा वाचली. मोठ्याने. अक्षर न् अक्षर."

"तुम्ही वाचलीत ओ. माझा कॉम्प्युटर वाचू दे. त्याला काय गाळायचं ते कळत नाय."

करून बघायला काय हरकत होती! तुमच्या आजोबांनी फाइल जोडून धाडली. तिने फोन चालूच ठेवला, मैत्रिणीला तो कानाशी धरायला लावला आणि संगणकापाशी गेली. मी फोनचा स्पीकर चालू केला. तिकडून यंत्राचा कोरडा इंग्रजी आवाज ऐकू आला, लांबून, पण स्पष्ट:

"व्हर्टिकल बार, व्हर्टिकल बार. क्वेश्चन, क्वेश्चन, क्वेश्चन, क्वेश्चन. व्हर्टिकल बार, व्हर्टिकल बार." आणि मग आमच्या त्या दोन ओळी.

"बाई, वर हे कसले खांब उभे केलेत?" ती लांबूनच ओरडली.

मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. ते छापील कागदाकडे पाहत होते. मी तो त्यांच्या हातातून घेतला. कागदाच्या डोक्यावर, मधोमध, सुबक टंकात होतं: दोन उभे दंड, श्री, दोन उभे दंड.

"तुम्ही म्हणालात, दोनच ओळी लिहिल्या."

"दोनच लिहिल्या."

"आणि हे?"

"श्री?" ते खरोखरच गोंधळले होते. "त्याला काय लिहिलं म्हणतात?"

मला हसूही येत होतं आणि तो कागद फाडावासाही वाटत होता. तुम्ही आमच्या घरचे कागद पाहिले आहेत. वाण्याच्या यादीवरसुद्धा डोक्याला श्री असतं. कोऱ्या कागदावर आधी हात तेवढं लिहितो आणि मग माणूस लिहायला बसतो. आणि वाचताना? श्री मोठ्याने कोणी वाचत नाही. आजोबांनी दोनदा तोच कागद अक्षर न् अक्षर वाचला आणि दोन्ही वेळा श्रीच्या खालून सुरुवात केली. मी समोर बसले होते. कागद माझ्या हातात असता तर मीही तिथूनच सुरुवात केली असती. सर्व्हरने मात्र वरपासून सुरुवात केली. आज्ञा म्हणून पहिल्यांदा त्याच्यापुढे दोन दंड आले आणि तो तिथेच अडला. ते दंड मला लॉगमध्ये एल दिसले, कारण इंग्रजीच्या बाईला इंग्रजीच दिसणार. प्रश्नचिन्हांचाही उलगडा झाला. फाइल साठवताना नोटपॅडने एक इशारा दिला होता की यातली काही अक्षरं टिकणार नाहीत. तुमच्या आजोबांनी तो न वाचता ओके दाबलं होतं.

"पुसा ते," मी म्हटलं.

त्यांचा हात माउसवर होता, पण हलेना. "पुसायचं म्हणजे... श्री?"

"अहो, तिथे श्री नाहीच आहे! चार प्रश्नचिन्हं आहेत!"

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांनी पहिली ओळ काढली, फाइल पुन्हा चढवली. मी फाइलवर टिचकी मारली. खूप वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर तो लहान चौकोन आला: फाइल कुठे साठवायची?

मी स्पीकरवर ओरडले, "बघ, बघ, आता बघ!"

तिकडून टकटक ऐकू आली. मग यंत्राचा आवाज, मग काहीच नाही.

"उतरतंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "पहिलं आलं." आणखी थोड्या वेळाने दुसरं आलं. तिसऱ्याला फार उशीर लागला. तेवढ्या वेळात तिची मैत्रीण मला विचारत होती, रत्नागिरीला आंबा कसा आहे यंदा. काय उत्तर दिलं ते मला सांगता येणार नाही.

"तिन्ही आली, बाई. ठेवते आता फोन."

"थांब गं. आपण सरपंचावरच्या अविश्वासाच्या ठरावापर्यंत आलो होतो. तेवढं पान पुरं करते, मग ठेव."

"नको ओ. तुम्ही लय हळू वाचता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"म्हणजे काय?"

"रागावू नका. आम्ही सगळ्याच जणी गती वाढवून ऐकतो. थांबा, ऐकवते."

तिने काहीतरी दाबलं, आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. तो माझा आहे हे मला काही क्षण उमगलं नाही. बाजारात दोन मासळीवाल्या एकाच गिऱ्हाइकावरून भांडाव्यात तसं काहीतरी किनऱ्या सुरात धडाधडा चाललं होतं. त्यात "ग्रामसभा" एवढा एक शब्द मी ओळखला. तुमचे आजोबा तोंडाला रुमाल लावून मागच्या दारी गेले.

"यात तुला काय कळतं?" मी विचारलं.

"सगळं कळतं. तुम्ही पूर्णविरामाला जो श्वास घेता ना, तेवढा वेळ वाचतो. आज तीनदा ऐकून होईल माझं."

"तीनदा?"

"चारदापण होईल, तुम्ही फोन ठेवलात तर."

मी फोन ठेवला.

मग मला घरात काहीच सुचेना. सगळं झालं होतं तरी हात थांबत नव्हते. आमटीला फोडणी दिली, कपडे घडी केले, आढीतले आंबे वरखाली केले. पुस्तक अजून खिडकीत उघडंच होतं. मी ते उचललं आणि अविश्वासाच्या ठरावाचं उरलेलं पान उभ्याउभ्या मोठ्याने वाचून काढलं.

"कोणाला वाचून दाखवतेस?" आजोबांनी विचारलं.

"कोणाला नाही. मधेच राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी पेपर दुपारी सुटणार होता. त्याच्या आधीपासून मी फोनजवळ बसले होते आणि फोनजवळ बसलेली नाही असं दाखवत होते. वेळ टळून गेली. उत्तरं लिहून घेणारी लेखनिक आली नसेल, वेळ पुरला नसेल, पंचायत राज आलंच नसेल, असं सगळं माझं क्रमवार मनात मांडून झालं. तेव्हा कुठे तो वाजला.

"बाई, जिल्हा परिषदेच्या अधिकारांवर प्रश्न आला."

"लिहिलास?"

"सांगितला. लेखनिक बाईचा हात दुखला. मधेच थांबा म्हणाली, तर मी तिला म्हटलं, थांबू नका, थांबले तर माझ्या तोंडून बांगडं येईल."

"सुटेल का पण?"

"सुटतोय ओ," ती म्हणाली, आणि एक मोठी जांभई दिली. "आता मी झोपते. तुम्ही परत फोन करू नका."

जूनमध्ये सुटला.